विसरले, की ऐकूच आले नाही?

साठी ओलांडलेल्या माणसाला एखाद्याचे नाव पटकन आठवले नाही, की ‘मला स्मृतिभ्रंश तर होत नाही ना?’ ही शंका त्याच्या मनात घर करते. जळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतून माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठांचा हा नेहमीचा प्रश्न आहे, आणि ज्यांनी घरात आई-वडिलांचे हे दुखणे जवळून पाहिले आहे, त्यांची तर झोपच उडालेली असते. अशाच एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे सांगत आहे.

त्यांना आपण आप्पा म्हणू. वय ६३, शिक्षण चौथीपर्यंत, आणि उभी हयात जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधण्याच्या, कारखान्यात गेलेली. सोबत आलेल्या सुनेची तक्रार अशी, की सांगितलेले सामान ते आणत नाहीत, तेच ते पुन्हा विचारतात, एकाला दुसरेच उत्तर देतात आणि हल्ली पारावर बसायलाही जात नाहीत. आप्पा मान खाली घालून एवढेच म्हणाले, “ताई, माले काहीच ध्यानमा ऱ्हास नही. मना बापनं बी असंच व्हयेल व्हतं.” (माझ्या काहीच लक्षात राहत नाही. माझ्या वडिलांचेही असेच झाले होते.)

वडिलांविषयीची ही भीती आधी दूर करणे भाग होते. आई किंवा वडिलांना अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, असेल तर मुलांचा धोका थोडा वाढतो, हे खरे. परंतु एकाच सदोष जनुकामुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा प्रकार अतिशय विरळ आहे आणि तो बहुधा पासष्टीच्या आधीच दिसू लागतो. आप्पांच्या वडिलांना हा त्रास ऐंशीच्या घरात सुरू झाला होता.

त्यानंतर मी स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी घेतली. तीन शब्द सांगायचे, ते लगेच म्हणवून घ्यायचे आणि मध्ये दुसरी कामे देऊन काही मिनिटांनी पुन्हा विचारायचे, अशी ही साधी पद्धत आहे. माझा पहिला शब्द ‘ताट’ होता; आप्पा ‘पाट’ म्हणाले. मी मुद्दामच दुरुस्ती केली नाही. मधल्या वेळात त्यांनी वीस रुपयांतून सात रुपये वजा केले, आठवड्याचे वार उलटे सांगितले. मग शब्द विचारले, तेव्हा त्यांनी पहिलाच शब्द अगदी ठामपणे ‘पाट’ असा सांगितला. याचा अर्थ, जे कानी पडले ते त्यांनी नीट जपून ठेवले होते; चूक त्याच्या आधी, ऐकण्याच्या पायरीवर झाली होती. नंतर तीन नवे शब्द कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिले, तेव्हा तिन्ही आठवले.

जिनच्या अखंड आवाजाने अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलची मर्यादा आपल्याकडे ठरवून दिलेली आहे. प्रत्यक्षात कामगार कानात कापसाचा बोळा घालतात आणि त्याने फारसे संरक्षण मिळत नाही. सुरुवातीला उंच पट्टीचे ध्वनी जातात, त्यामुळे त, क, स, फ अशी व्यंजने निसटतात; आवाज येतो, पण शब्द लागत नाही. घरच्यांना मात्र ‘कामाचे तेवढे बरे ऐकू येत नाही’ असे वाटते. शब्द लावण्यातच मेंदूची शक्ती खर्ची पडल्यावर लक्षात ठेवायला थोडीच उरते, आणि चारचौघांत फजिती नको म्हणून माणूस बाहेर जाणेच सोडतो. हा एकटेपणा मेंदूला स्वतंत्रपणे मारक आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे १४ बदलता येण्याजोगे घटक सांगितले आहेत. कमी शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, नैराश्य, धूम्रपान, व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर बहिरेपणा, दृष्टिदोष आणि एकाकीपणाही त्यांत आहेत. हे सर्व घटक दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे. एकट्या आप्पांविषयी त्यातून भविष्य वर्तवता येत नाही. श्रवणयंत्राबाबतही अतिशयोक्ती नको: अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात सर्व सहभागींचा एकत्र विचार केल्यावर फरक दिसला नाही, मात्र ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

चाचणीतून मी निदान केले नाही, ते माझे कामही नव्हे. आप्पांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि फिजिशियनकडे पाठवले, सोबत बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड व साखरेच्या तपासण्या सुचवल्या, कारण या तिन्हींतील बिघाडही विसराळूपणाचे सोंग घेतो. दोन्ही कानांचे श्रवण बरेच घटलेले निघाले आणि साखरही वाढलेली. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते, म्हणून सुनेला कागदपत्रे जमवायला सांगितली. यंत्र आल्यावर आप्पांनी आठवडाभरात ते डबीत ठेवून दिले, कारण भांड्यांचा आणि पंख्याचा आवाजच अंगावर येई. पहिल्या आठवड्यात असे होतेच. रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेल्यावर ते रुळले. घरच्यांना मी ओरडू नका, समोर बसून सावकाश बोला, दूरदर्शन संच बंद करून सांगा, असे बजावले.

काही लक्षणे मात्र कानावर ढकलू नयेत: रोजच्या रस्त्यावर चुकणे, पैशाचा हिशेब न जमणे, नेहमीच्या वस्तूचा उपयोगच न कळणे, स्वभाव पालटणे. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि अचानक भ्रम झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आप्पा पुन्हा भजनाला जाऊ लागले आहेत. साखर अजून आटोक्यात नाही, सकाळच्या चालण्याची टाळाटाळ चालूच आहे, आणि स्मरणशक्तीची चाचणी दरवर्षी करायची असे आमचे ठरले आहे.