शिवारात खुणेचे दगड पडले, आता काय

बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. रस्त्यासाठी जमीन घ्यायच्या मोजणीचे दगड शिवारात पडलेत, आता काय करायचं, हा एक. आणि गाव बेळगावच्या पोटात गेलं की आपण कोण उरतो, हा दुसरा. तू ते वेगवेगळे मांडलेस, पण मी उत्तर एकत्रच देतोय. ज्या कागदावर जमीन वाचते, त्याच कागदावर गावही वाचवावं लागतं.

पहिल्यांदा जमिनीचा उतारा काढ, म्हणजे आपल्या कर्नाटकातली पहाणी (आरटीसी). रकाना 9 मध्ये मालकाचं नाव, 11 मध्ये बोजा आणि इतर हक्क, 12 मध्ये कसणारा आणि पीक. तो कन्नडमध्ये असतो, आणि तो तुला स्वतःला वाचता आला पाहिजे. मराठी घरात कन्नड लिपी शिकल्याने मराठीपण उणं होत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी उतारा वाचणारा मात्र हमखास फसतो. निदान कन्नड अंक पक्के कर. सहा आणि नऊ नवख्याला सारखेच दिसतात आणि तिथेच गुंठे चुकतात. क्षेत्रातला खराबा, म्हणजे लागवडीत न धरलेली जमीन, तीही बघ. 'अ' खराबा आपल्या खात्यातला असतो, 'ब' खराबा म्हणजे रस्ता, नाला, पाणंद, आणि त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत. पाणंदीची रुंदी वाढवून दाखवली की तुझं क्षेत्र आपोआप घटतं.

उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर नोटीस त्यांच्या नावाने निघेल आणि तुझ्या हरकतीला 'तुमचा संबंध काय' असं उत्तर येईल. मृत्यूचा दाखला आणि नाडकचेरीतला (स्थानिक महसूल कचेरीतला) वंशवृक्ष जोडून वारसा नोंदीचा अर्ज आधी दे. वंशवृक्षात आत्यांची आणि बहिणींची नावं गाळू नकोस. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. नाव गाळलं तर एक अर्ज आला की सगळ्यांचे पैसे न्यायालयात जमा होतात आणि वर्षं निघून जातात.

आपल्याकडे नावाचा घोळ वेगळाच असतो. उताऱ्यावर नुसतं 'कल्लाप्पा भरमा', शाळेच्या दाखल्यावर मराठीत आडनावासकट, आधारवर इंग्रजी स्पेलिंगमधून आलेलं तिसरंच. माणूस एक, कागदावर तिघे. रक्कम मंजूर होते आणि बँकेत अडकते. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र जुन्या दाखल्यासह आत्ताच करून ठेव.

आता नोटीस कुठल्या कायद्याची आहे ते बघ, कारण मुदत त्यावरच ठरते. राष्ट्रीय महामार्गासाठी 1956 च्या कायद्याचं कलम '3 ए' असेल तर हरकतीला फक्त 21 दिवस, तेही अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून. घरी कागद यायची वाट बघणारे इथेच हुकतात. औद्योगिक वसाहतीसाठी 1966 च्या कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याची कलम 28(2) ची नोटीस असेल तर हाती पडल्यापासून 30 दिवस. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली कलम 11 ची अधिसूचना असेल तर 60 दिवस.

हरकत कन्नडमध्ये दे आणि सोबत मराठी प्रत जोड. संविधानाचं कलम 350 राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं, आणि तो वापरत राहिलं तरच राहतो. पण मुदत चालू असताना भाषेच्या वादात दिवस घालवू नकोस. दोन्ही प्रती एकाच आवक क्रमांकावर नोंदव आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नकोस.

हरकतीत काय लिहायचं, यावर थोडा वेळ दे. बहुतेक जण 'आमची जमीन सुपीक आहे, देणार नाही' एवढंच लिहितात. खरं असलं तरी ते एका ओळीत फेटाळलं जातं. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासचा वाद पिकाऊ जमिनीवरूनच किती काळ चालला, हे तुला ठाऊक आहे. म्हणून सर्व्हे नंबर घालून लिही: पीक कुठलं, पाणी कुठून येतं, रस्ता भराव टाकून उंच केला तर पावसाचं पाणी कुठे तुंबेल, उरलेल्या तुकड्यात बैलगाडी किंवा ट्रॅक्टर कुठून जाईल. बळ्ळारी नाल्याकाठच्या भातशेतीत हा पाण्याचा मुद्दा सगळ्यात जड आहे.

आणि इथेच तुझा दुसरा प्रश्न येतो. 2013 च्या कायद्यात सामाजिक परिणामाच्या अभ्यासात पूजास्थानं, स्मशान, गायरान, गुरांच्या पाण्याची जागा, तळी, शाळा, अंगणवाडी यांचा विचार करायला सांगितलाय. काही कायद्यांत, काही प्रकल्पांत हा अभ्यास होत नाही. तरी यादी द्यायचीच. देवस्की पंचांना (गावच्या देवकार्याच्या पंचांना) आणि गावातल्या वयस्कर बायकांना सोबत घेऊन शिवार फिर. बायकांना खुरपणीमुळे बांधाबांधाचं नाव माहीत असतं, पुरुषांना बहुधा आपल्याच पट्टीचं. प्रत्येक जागेचं तोंडात असलेलं नाव, सर्व्हे नंबर, दिशा, मोबाइलवरचं ठिकाण आणि एक फोटो घे. मरगाई देवीचा दगड, पालखी टेकते तो कट्टा, लक्ष्मीच्या यात्रेची वाट आणि तिची रुंदी, सगळं लिही. नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही. दगडाला उताऱ्यावर जागा नसते. हरकतीत तो लिहिला नाही, तर सरकारी हिशेबात तिथे फक्त 'कोरडवाहू, 12 गुंठे' असतं. उद्या तिथे वसाहत झाली आणि रस्त्यांना नावं द्यायची वेळ आली, तेव्हा हीच यादी महापालिकेपुढे ठेवता येते. यादी नसेल तर बिल्डरने छापलेलं नाव राहतं.

संयुक्त मोजणीच्या (सरकारी खाती मिळून करतात त्या मोजणीच्या) दिवशी घरातलं कोणीतरी शेतात हजर पाहिजे. विहीर, बोअर, पाइपलाइन, शेड, आंबा, फणस, नारळ यांची आपली यादी आधीच तयार ठेव, झाडाच्या घेरासकट. पंचनाम्यात ज्याची नोंद नाही त्याचं मूल्यांकन होत नाही. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही नको.

दराचं दुखणं आपणच ओढवून घेतलेलं आहे. बाजारभाव ठरवताना जवळपासची मागच्या 3 वर्षांची खरेदीपत्रं घेतात, त्यातल्या जास्त दराच्या निम्म्यांची सरासरी काढतात आणि सरकारी दराशी ताडून जास्त असेल ते धरतात. लोकांनी मुद्रांक वाचवायला खरेदीपत्रात रक्कम कमी लिहिली की सगळ्या गावाचा दर बसतो. उपनिबंधकांकडून चांगल्या दराच्या खरेदीपत्रांच्या नकला काढून हरकतीबरोबर दे. मूळ रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम (सोलेशियम) मिळते, महामार्गाच्या जमिनीलाही. ती हिशेबात आहे का, ते मोज. दर पटत नसेल तर पैसे 'हरकत राखून' असं लिहूनच घे. 2013 च्या कायद्यात तसं न लिहिता पैसे उचलले तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असशील तर त्या अर्जाला 6 आठवडे असतात. महामार्गाच्या प्रकरणात लवादाकडे जावं लागतं.

वटमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सह्या आणि व्यवहार करायचा अधिकार, कोणालाही देऊ नकोस, मग तो 'सगळं मी बघतो' म्हणणारा भाऊबंद का असेना.

शहरातल्या मामांच्या गल्लीत रुंदीकरणाच्या खुणा केल्यात म्हणतोस. तिथला नियम वेगळा आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजच्या प्रकरणात सगळ्या राज्यांसाठी सांगितलंय: रस्त्याची मूळ रुंदी आधी अभिलेखातून ठरवायची, अतिक्रमण असेल तर नोटीस द्यायची, हरकतीवर कारणांसह आदेश काढायचा, आणि मूळ रस्ता अपुरा असेल तर जमीन रीतसर संपादित करायची. मामांनी सिटी सर्व्हेचा उतारा आणि नकाशा काढावा. 'स्वेच्छेने जागा सोडतो' असा मजकूर असलेल्या कागदावर सही मात्र करू नये. बेळगावातल्या वडगाव-खासबागेत मागावर काम करणारे भाडेकरू असतील, तर त्यांनी वीजबिलं, रेशनकार्ड आणि मालकाच्या पावत्या जपाव्यात. 2013 च्या कायद्यात 3 वर्षं तिथे काम करणारा भाडेकरूही बाधित कुटुंब ठरू शकतो.

घर हलवावंच लागलं तर चार-पाच घरांनी मिळून एकाच वसाहतीत भूखंड मागा, अर्ज एकाच दिवशी द्या. घरं विखुरली की मराठी शाळेचा पट घटतो, आणि पट घटलेली शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायला वेळ लागत नाही. स्वस्त म्हणून 100 रुपयांच्या बाँडवरचा भूखंड घेऊ नका. त्यावर मालकी येत नाही, आणि पुढच्या रस्त्याला पुन्हा उठावं लागतं.

उद्या सकाळी उतारा काढ आणि दुपारी दोन्ही आत्यांना फोन कर. वंशवृक्षाला त्यांची आधार कार्डं लागतील. शिवार फिरायला रविवार ठरव. मुदतीचा शेवटचा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिही आणि त्याच्या 5 दिवस आधी हरकतीचा मसुदा मला पाठव.

तुझाच,
काका