‘याकुझा’: टोळी, माणूस की आकडा?

‘याकुझा’ हे जपानमधील एखाद्या टोळीचे नाव आहे का, आणि मराठीत ‘याकुझाने’ लिहावे की ‘याकुझ्याने’, असे एका वाचकाने विचारले आहे.

याकुझा हे कुठल्याही एका टोळीचे नाव नाही. जपानमधील संघटित गुन्हेगारीच्या जगाला आणि त्यात वावरणाऱ्या माणसालाही हाच शब्द लावतात. सर्वाधिक मान्य व्युत्पत्तीनुसार तो जुगाराच्या अड्ड्यावरून आला. ओइचो-काबु या पत्त्यांच्या खेळात पानांची बेरीज करून फक्त एककाचा अंक धरतात आणि ९ हा सर्वांत चांगला मानतात. हातात ८ आणि ९ आले, तर बेरीज १७, म्हणजे ७ झाले. एवढ्यावर थांबणेच शहाणपणाचे. तरीही हावरेपणाने तिसरे पान ओढले आणि ३ निघाले, तर बेरीज २० होते आणि पदरात शून्य पडते. ‘या’ म्हणजे आठ, ‘कु’ म्हणजे नऊ आणि ‘झा’ हे तीनच्या ‘सा’चे बदललेले रूप. हा फुकट गेलेला डाव आधी कुचकामी गोष्टीचे, मग वाया गेलेल्या माणसाचे आणि शेवटी बाकुतो म्हणजे व्यावसायिक जुगाऱ्यांच्या परंपरेतून पुढे आलेल्या गुन्हेगारांचे नाव झाला. आपल्याकडे ‘चारसोवीस’ असाच आकड्यातून आला. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी लबाडाची बढती काही झालेली नाही.

जपानी पोलिसांचा शब्द मात्र वेगळा आहे. ते ‘बोर्योकुदान’, म्हणजे हिंसक गट, असे म्हणतात आणि १९९२ साली अमलात आलेल्या कायद्यातही तोच शब्द आहे. या संघटनांना स्वतःला तो अपमानास्पद वाटतो. त्या आपल्याला ‘निन्क्यो दान्ताइ’, म्हणजे दुबळ्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांची संघटना, असे म्हणवून घेतात. खंडणी उकळणाऱ्यांनी हे बिरूद मिरवावे, याला धारिष्ट्यच लागते. १९१५ मध्ये कोबे येथे स्थापन झालेली यामागुची-गुमी ही त्यांतली सर्वांत मोठी. ‘गुमी’चा अर्थच ‘गट’ असल्याने ‘यामागुची-गुमी टोळी’ ही द्विरुक्ती होते. शिवाय एकेकाळी उघडपणे नावाची पाटी लावून कार्यालय थाटणाऱ्यांना ‘टोळी’पेक्षा ‘संघटना’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. ‘जपानी माफिया’ हा शब्दप्रयोग मथळ्यापुरता चालेल, परंतु माफिया मूळचा इटलीतल्या सिसिली बेटावरचा; त्याने तिथला इतिहास उगाच जपानच्या माथी मारला जातो.

राहिला रूपाचा प्रश्न. ‘घोडा’प्रमाणे चालवले तर अनेकवचन ‘याकुझे’ आणि सामान्यरूप ‘याकुझ्या’ असे होईल; ते कानाला खटकते आणि मूळ शब्द ओळखू येईनासा होतो. म्हणून ‘काका’, ‘मामा’ या शब्दांप्रमाणे ‘याकुझाने’, ‘याकुझांनी’ असे लिहावे. त्यामुळे उच्चारही टिकतो: ‘याकुझा’तला झ ‘माझा’मधल्यासारखा आहे, पण ‘याकुझ्या’ म्हणताच तो ‘माझ्या’मधल्यासारखा तालव्य होतो. हिंदीत हा उच्चार ‘ज’खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन दाखवतात; मराठीत त्याची गरज नाही.