डेन्व्हरला निघण्याआधी

पोरी, अनेक आशीर्वाद.

नाताळात तुम्ही चौघी शिकागोहून गाडीने डेन्व्हरला निघताय आणि बर्फात गाडी चालवायची सवय चौघींपैकी एकीलाही नाही, हे परवा कळलं. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण तुझं वेळापत्रक वाचून जीव खालीवर झाला. पहाटे चारला निघायचं, आळीपाळीने चालवायचं, रात्री मुक्कामाला डेन्व्हर. सुमारे 1,000 मैल, एका दमात! जुलैत जमेल. डिसेंबरसाठी तो कागद फाडून टाक.

जायला दोन दिवस धर, आणि तिसरा हातचा ठेव. पहिला मुक्काम ओमाहाला, म्हणजे सुमारे 470 मैल. तिथे त्या दिवसांत पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात रस्ता चमकायला लागला की ते पाणी आहे की बर्फाचा पातळ थर, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून उजेडात पोचा. हॉटेल ऐनवेळी रद्द करता येईल असंच घ्या. आणि ऑफिसात आजच सांगून ठेव की परतीला वादळ आलं, तर एक दिवस उशीर होईल. हे तुला किरकोळ वाटेल, पण टायरपेक्षाही मी याला जास्त महत्त्व देतो. का, ते सांगतो.

या देशातला माझा दुसरा हिवाळा. मी आणि तुझी काकू तुम्ही जाणार त्याच आय-80 महामार्गावरून परत येत होतो. रात्री बर्फ पडून गेला होता. मोटेलच्या काउंटरवरची बाई म्हणाली, दुपारपर्यंत थांबा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मीटिंग होती, म्हणून आठलाच निघालो. लख्ख ऊन, रस्ता कोरडा. कर्नी गावाच्या अलीकडे एक छोटा पूल लागला. पुलाला खालूनही थंड वारा लागतो, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी जराशी हलली, मी घाबरून ब्रेक दाबला आणि गाडी गर्रकन फिरली. थांबलो तेव्हा मधल्या गवताच्या पट्ट्यात होतो, तोंड आलो त्या दिशेला. काकूच्या मांडीवरच्या डब्यातले पोहे डॅशबोर्डवर उडाले होते आणि ती दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरून बसली होती. बराच वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नाही. समोरून एखादा ट्रक येत असता, तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो. एका मीटिंगसाठी.

गाडी घसरली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढ, जायचंय तिकडे नजर ठेव आणि स्टीअरिंग हळूच तिकडेच वळव. नजर खड्ड्याकडे गेली की हात तिकडेच जातात. गाडीला एबीएस आहे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा; थांबायचंच असेल तर ब्रेक दाबून धरून ठेव. पेडल पायाखाली थरथरेल, करकरेल. घाबरून पाय काढू नकोस, ते त्याचं काम करतंय. बाकी सगळं पहिल्या पावसात खंडाळ्याचा घाट उतरतात तसं: धक्का नाही, घाई नाही, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, बंद. बर्फ काढणारा ट्रक पुढे असेल तर त्याच्या मागेच राहा; त्याच्या मागचा रस्ताच सगळ्यात चांगला असतो. मैत्रिणीची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, चारही चाकांना जोर मिळतो, म्हणून निर्धास्त होऊ नका. ती गाडी बर्फातून निघते चांगली, पण थांबायला इतर गाड्यांइतकंच अंतर घेते.

नेब्रास्कात वाऱ्याची काळजी घ्या. प्लॅट नदीच्या त्या सपाट मुलखात आभाळ निळंशार असतानाही वारा शेतांतला बर्फ उचलून रस्त्यावर आणतो आणि पुढचं काही दिसेनासं होतं. निघण्याआधी आणि प्रत्येक थांब्यावर 511 या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर रस्त्याची स्थिती बघा, कोलोरॅडोत तिथल्या सीओट्रिप या वेबसाइटवर. रस्ता बंद म्हटलं की बंद. छोट्या रस्त्याने वळसा घालायचा मोह नको. तिथे अडकलात तर मदत लवकर पोचत नाही.

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. जॅकेट, बूट, पाणी, खाणं, टॉर्च हाताशी ठेवा, डिकीत सामानाच्या तळाशी नको. अडकलात तर गाडीतच बसा. हीटर थोडा थोडा वेळ लावा, पण त्याआधी दर वेळी खाली उतरून धुराचा पाइप बर्फातून मोकळा करा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो; त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

डेन्व्हरहून पुढे डोंगरात स्कीइंगला जाल तेव्हा स्वतः चालवू नका, बसने जा. तिथे आय-70 वर मॉरिसन ते डॉटसेरो 1 सप्टेंबरपासून 31 मेपर्यंत टायरचे वेगळे नियम आहेत, आणि ते उगाच केलेले नाहीत.

आता माझं एक ऐक. पहिला बर्फ पडेल त्या शनिवारी सकाळी सातला फोन कर. देवळामागचं पार्किंग तेव्हा रिकामं असतं. ताशी 15 मैलांवर मुद्दाम ब्रेक मारायचा, गाडी घसरू द्यायची, सावरायची, हात शिकेपर्यंत. चौघीही या. काकू चहा घेऊन येईल.

तुझा,
काका

ता. क. काच धुण्याच्या टाकीत आपल्या सवयीप्रमाणे साधं पाणी भरलं असशील. ते संपव आणि उणे 20 फॅरनहाइटला न गोठणारं भर. येण्याआधी गाडीच्या टायरचे फोटोही पाठव.