वाचकांचे प्रश्न : नरक्याची खरेदी आणि पंचायतीचे ना-हरकत पत्र

प्रश्न : आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. एक व्यापारी नरक्या या जंगली औषधी झाडाचे लाकूड आणि साल मागत गावात फिरतो आहे. 'कंपनीकडे सरकारी परवाना आहे, पंचायतीने फक्त ना-हरकत पत्र द्यावे,' असे त्याचे म्हणणे आहे. त्यावर विश्वास ठेवावा का? आम्ही हिरडा आणि शिकेकाई गोळा करून विकतो, त्यासाठी आम्हालाही परवाना लागेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ७ ने स्थानिक लोकांना आणि उपजीविकेसाठी औषधे देणाऱ्या वैदूंना राज्य जैवविविधता मंडळाला कळवण्याच्या बंधनातून वगळले आहे. वनखात्याचे नियम मात्र वेगळे आहेत आणि ते राखीव जंगलात सर्वांना लागू होतात.

आता व्यापाऱ्याविषयी. नरक्याच्या लाकडात, सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जाणारी टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे याच द्रव्यापासून तयार होतात. हे द्रव्य प्रथम १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे करण्यात आले आणि पुढे ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडले. तेव्हापासून या झाडाला मागणी आहे, आणि ती पुरवताना झाड मुळासकट उपटले जाते, ही माझ्या मते यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. फळ तोडले तर झाड राहते. इथे झाडच जाते.

'सरकारी परवाना' हा शब्द ऐकून पंचायतीने दबून जाऊ नये, कारण त्या एका शब्दाखाली निरनिराळी कागदपत्रे येतात. कंपनी परदेशी असेल तर तिला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. भारतीय असेल तर तिने व्यापारी वापरापूर्वी राज्य जैवविविधता मंडळाला, म्हणजे आपल्याकडे कर्नाटकात बेंगळूरुच्या मंडळाला, कळवणे बंधनकारक आहे. संवर्धनाला धोका दिसल्यास स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून असा वापर रोखण्याचा अधिकार मंडळाला कलम २४ ने दिला आहे. जंगलातून माल काढण्याची आणि तो वाहून नेण्याची वनखात्याची परवानगी याहून निराळी असते आणि एक कागद दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा व्यापाऱ्याकडे कागद मागा, आणि त्यावर झाडाचे नाव, गोळा करण्याचे क्षेत्र व मुदत लिहिलेली आहे का ते पाहा. नरक्या चंदगड तालुक्याच्या हद्दीतून घेतला असेल तर प्रकरण महाराष्ट्राच्या मंडळाकडे जाते. माल कोणत्या राज्यातून उचलला, यावर ते ठरते. व्यापाऱ्याचे गोदाम कुठे आहे, यावर नाही.

अनेक पंचायतींच्या ध्यानात नसलेला मुद्दा यापुढे येतो. कलम ४१ नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्या हद्दीतील जैविक संपत्तीविषयी निर्णय घेताना मंडळाने तिचा सल्ला घेणे बंधनकारक आहे, आणि व्यापारासाठी माल गोळा करणाऱ्याकडून शुल्क आकारण्याचा अधिकारही तिला आहे. हे शुल्क आज अधिक महत्त्वाचे झाले आहे, कारण २०२५ च्या नव्या विनियमांनुसार ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत आहे त्यांना जैविक संपत्तीच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभातला वाटा द्यावा लागत नाही, आणि गावात येणारा खरेदीदार बहुधा त्याच वर्गातला असतो. आणखी एक पळवाट लक्षात ठेवावी. या कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना सूट दिली, पण त्यासाठी माल लागवडीचाच असल्याचा दाखला लागतो. जंगलातला नरक्या 'शेतातला' म्हणून निघून जाऊ नये यासाठी समितीची नोंदवही, म्हणजे गावातल्या जैविक संपत्तीची नोंद, जागरूकपणे भरलेली असावी लागते. याच दुरुस्तीने तुरुंगवास काढून १ लाख ते ५० लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. मोठ्या कंपनीला त्याचा कितपत धाक वाटेल, याची मला काळजी वाटते.

म्हणून ना-हरकत पत्र घाईने देऊ नये. समितीची बैठक घ्या, ठराव लिहा, आणि नोंदवहीत झाडांची कानडी नावे असतील तर शेजारी मराठी नावेही लिहून घ्या, म्हणजे गावातल्या जाणत्या माणसांना ती तपासता येतील.

प्रश्न : आमच्या भागातल्या वांग्याचे बियाणे संशोधक मागून नेतात. यालाही हाच कायदा लागू होतो का? (एक शेतकरी, रायबाग तालुका)

उत्तर : भारतीय संशोधकाने केवळ अभ्यासासाठी नेले तर बंधन नाही, आणि पारंपरिक पद्धतीने वाण सुधारणे हाही व्यापारी वापर मानला जात नाही. मात्र संशोधनाचे फलित मोबदला घेऊन परदेशी संस्थेला देताना प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि पेटंटसाठीही प्राधिकरणाकडे जावे लागते. तुमच्याच तालुक्यातल्या कुडचीच्या नावाचे 'कुडची लोकल' हे वांगे बीटी (जनुक बदललेल्या) वांग्याच्या प्रयोगात वापरलेल्या स्थानिक वाणांत होते. या वाणांसाठी आवश्यक मंजुरी घेतली नव्हती, अशी तक्रार २०१० मध्ये झाली आणि २०११ मध्ये प्राधिकरणाने कायदेशीर कारवाईचा निर्णय घेतला. म्हणून बियाणे देण्यास हरकत नाही, पण नेणाऱ्या संस्थेकडून हेतू लिहिलेले पत्र घ्या आणि वाणाचे नाव, देणाऱ्या शेतकऱ्याचे नाव व तारीख समितीच्या नोंदवहीत चढवून तिची प्रत स्वतःजवळ ठेवा.