‘तीनदाच वापरलंय!’ : जुन्या स्कूबा सामानाविषयी प्रश्नोत्तरे

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानला एकदा पाण्याखाली जाऊन आलं की पुणेकराला स्वतःचं सामान हवंसं वाटू लागतं. नवं परवडत नाही म्हणून जुनं शोधलं जातं, आणि मग मला तेच ते प्रश्न येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र घेतले आहेत. ज्यांच्याकडे गाइडने हात धरून नेलेल्या डाइव्हचा फक्त फोटो आहे, त्यांनी आधी ओपन वॉटर कोर्स (डाइव्हिंगचा पहिला प्रमाणित कोर्स) करावा. सामानाचं नंतर बघू.

जुन्या बाजारात शंभर रुपयांत मास्क मिळतोय. घ्यावा का? (रास्ता पेठ)

नको. काचेवर ‘टेम्पर्ड’ असं लिहिलेलं नसेल तर ती साधी काच आहे असंच धरून चाला. मास्क नवाच घ्यावा, आणि तोही दुकानात जाऊन: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा, हात सोडल्यावर मास्क पडला तर तो तुमचा नाही.

माझा नंबर उणे चार आहे. ओळखीचे एकजण त्यांचा उणे साडेतीनचा नंबरवाला मास्क निम्म्या किमतीत देत आहेत. चालेल का? (सहकारनगर)

पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, म्हणून थोडा कमी नंबर काहींना पुरतो हे खरं. पण दोन्ही डोळ्यांचा नंबर, सिलिंड्रिकल किती, हे तुम्ही कळवलेलं नाही. पाण्याखाली मासे धूसर दिसले तर बिघडत नाही, गेजवरचा आकडा धूसर दिसता कामा नये. नेत्रतज्ज्ञांना विचारा.

ऑनलाइन जाहिरातीत रेग्युलेटर, ऑक्टोपस आणि प्रेशर गेज असा संच 22 हजारांत आहे. मालक म्हणतात, 2017 मध्ये घेतला, तीनदाच वापरला, तेव्हापासून कपाटात आहे, अगदी नव्यासारखा. मित्र म्हणतो की रेग्युलेटर बिघडला तरी हवा देतच राहतो, त्यामुळे काळजी नको. घेऊन टाकू का? (कोथरूड)

‘घेऊन टाकू’ नका. जरा बसून वाचा. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाला आणून देणारं यंत्र: सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज, तोंडात धरायचा तो सेकंड स्टेज, आणि ऑक्टोपस म्हणजे जादाचा सेकंड स्टेज.

‘तीनदाच वापरलंय’ हे वाक्य ‘डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल ओनर’ गाडीच्या जाहिरातीसारखं आहे. खरं असलं तरी त्यातून काहीच कळत नाही. रेग्युलेटर वापराने झिजतो तसा नुसता पडून राहिल्यानेही खराब होतो. समुद्रातून आल्यावर तो गोड्या पाण्यात नीट भिजवला होता का? धुताना फर्स्ट स्टेजच्या तोंडावर डस्ट कॅप होती का? मध्येच कुणी हवा सोडायचं पर्ज बटण दाबून पाणी आत जाऊ दिलं का? तसं झालं असेल तर आत मिठाचे खडे बसले आणि गेली कित्येक वर्षं ते धातू खात आहेत. ओ-रिंग (रबरी कड्या) कडक होतात. सेकंड स्टेजमधली सीट (हवेची वाट बंद करणारी मऊ चकती) स्प्रिंगच्या दाबाखाली त्याच जागी दाबलेली राहते, तिच्यावर गोल खाच पडते आणि हवा गळू लागते. तीन डाइव्ह केलेला माणूस या काळात एकदाही सर्व्हिसिंगला गेला नसणार, आणि ‘वापरलाच नाही तर सर्व्हिस कशाला’ असं वर तुम्हालाच ऐकवेल. बहुतेक उत्पादक वर्षातून एकदा किंवा 100 डाइव्हनंतर सर्व्हिस सांगतात, काही दोन वर्षांनी. यांतलं जे आधी येईल ते. कपाटातली वर्षं त्यात मोजायचीच असतात.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त धोकादायक आहे. आजचे बहुतेक सेकंड स्टेज बिघडले की बंद पडत नाहीत, उघडे राहून हवा सोडत सुटतात. ही हवा तुमच्याच सिलिंडरमधली असते. 18 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे सिलिंडर काही मिनिटांत संपू शकतो. नवशिक्याने त्या काही मिनिटांत बुडबुड्यांच्या गोंगाटात काय करायचं, हे मित्राने सांगितलंय का?

पाहायला जाल तेव्हा फर्स्ट स्टेजच्या तोंडातली धातूची जाळी टॉर्च लावून बघा. ती हिरवट असेल तर आत पाणी गेलंय, तांबूस असेल तर कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरमधला गंज आलाय. होज (हवेच्या नळ्या) टोकांपाशी वाकवून भेगा शोधा, रबरी आवरण असेल तर ते सरकवून त्याच्या आतही. डस्ट कॅप घट्ट लावून माउथपीसमधून श्वास ओढा. हवा आत येता कामा नये. एवढं जमलं म्हणजे परीक्षा झाली असं समजू नका. मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून सेकंड स्टेजकडे जाणाऱ्या हवेचा, गेज लावूनच मोजावा लागतो. बहुतेक मॉडेलांत तो साधारण 9 ते 10 बार असतो आणि एका आकड्यावर स्थिर राहायला हवा. तो हळूहळू चढत असेल तर फर्स्ट स्टेजची सीट गेली. हे काम तंत्रज्ञाचं.

आणि पैसे देण्याआधी, नंतर नव्हे, मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर त्या ब्रँडच्या अधिकृत तंत्रज्ञाला पाठवा. सर्व्हिस किट अजून मिळतं का, दोन्ही सेकंड स्टेज धरून खर्च किती, किती दिवस लागतील, हे विचारा. मॉडेल बंद पडलं असेल आणि किट मिळत नसेल तर फुकट मिळाला तरी तो शोभेचाच. सर्व्हिसचा खर्च 22 हजारांत मिळवा आणि मग नव्याच्या किमतीशी ताडून बघा. स्वस्ताई बरीचशी तिथेच विरते. काही कंपन्या वॉरंटी आणि मोफत पार्ट्सची सवलत फक्त पहिल्या मालकाला देतात, हेही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

त्याच मालकाकडे सिलिंडरही आहे, संचासोबत घेतला तर सूट देतो म्हणतात. (कोथरूड, तेच वाचक)

त्यांना तो घरातून काढायचा आहे, म्हणून सूट. डाइव्ह सेंटरवर सिलिंडर आणि खाली जाण्यासाठी अंगाला लावायची वजनं मिळतातच. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू आहेत आणि सिलिंडरला पेसोची (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेची) मान्यता लागते. परदेशातून आणलेला, मान्यता नसलेला सिलिंडर जबाबदार सेंटर भरून देणार नाही. 6351 या मिश्रधातूचे जुने ॲल्युमिनियम सिलिंडर तर घेऊच नका. त्यांच्या मानेला भेगा पडतात, आणि 200 बारची हवा भरताना अशी मान फाटली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते लिहवत नाही.

सरावासाठी सिलिंडरमध्ये मेडिकल ऑक्सिजन भरून घेतला तर? शुद्धच असतो ना? (हडपसर)

अजिबात नको. शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली झटके आणू शकतो, आणि पाण्यात झटका म्हणजे बुडणं. शिवाय तेल-ग्रीसचा अंश असलेल्या सामानात तो पेट घेऊ शकतो. स्कूबा सिलिंडरमध्ये गाळलेली, कोरडी, साधी हवा असते. हा प्रश्न पडत असेल तर कोर्सचा पहिला धडा पुन्हा करा.

मामा मस्कतहून त्यांचं जुनं बीसीडी देताहेत. काय तपासू? (सिंहगड रस्ता)

बीसीडी म्हणजे हवा भरून पाण्यात वर-खाली होण्यावर ताबा ठेवायचं जाकीट. ते तोंडाने पूर्ण फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर गळती आहे. आत पाणी ओतून हलवा, बाहेर काढा. मिठाचे कण किंवा काळे तुकडे आले तर ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) संशयास्पद. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरचं बटण. ते आत अडकलं तर बीसीडी आपोआप फुगत जातं आणि माणूस ताबा सुटून वर फेकला जातो. सिलिंडर जोडून, बटण पुन्हा पुन्हा दाबून, प्रशिक्षकासमोरच तपासा. मामांचा आकार तुमचा आहे का, हेही बघा. प्रेमाने दिलं म्हणून XL आटून तुमच्या मापाचं होणार नाही.

जुना डाइव्ह कॉम्प्युटर घेणं सुरक्षित आहे का? (बाणेर)

पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारा हा कॉम्प्युटर जुना घेता येतो, पण बॅटरी कुणी बदलली आणि नंतर सील दाबाखाली तपासलं का, हे विचारा. पहिल्या काही डाइव्हमध्ये खोलीचा आकडा प्रशिक्षकाच्या कॉम्प्युटरशी ताडून बघा. हिस्टरीही उघडा: एकूण डाइव्ह आणि कमाल खोली बहुतेक मॉडेलांत दिसते. ‘तीनदाच’ म्हणणाऱ्यांची गंमत तिथे कळते, अर्थात काहींत ती पुसताही येते.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. डाइव्हनंतर विमानप्रवास किती वेळ टाळायचा ते कॉम्प्युटर दाखवतो, पण पुणेकर मालवणहून गाडीने घाट चढतात हे त्याला माहीत नसतं. उंचीवर हवेचा दाब कमी, आणि त्यामुळे डाइव्हमध्ये अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे. उड्डाणाबद्दलचे प्रचलित सल्ले 600 मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरले जातात: एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18. दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी घाटात चहा, हा बेत सोडा. सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका, डॉक्टरांना गाठा आणि डाइव्ह केल्याचं सांगा.

5 मिमीचा जुना वेटसूट थोडा पातळ वाटतो. चालेल? (चिंचवड)

सूटचं निओप्रिन (फेसाळ रबर) दबून पातळ झालंय, ऊब कमी मिळेल. तुमच्या नेहमीच्या वजनांचा हिशोबही बदलेल. मालवणच्या पाण्याला बहुतेकांना 3 मिमी पुरतो.

सामान तपासायला खडकवासल्यात उतरू का? (वारजे)

नाही. प्रशिक्षकासोबत, परवानगी असलेल्या जलतरण तलावात.

महिनाभर भाव करून काल जुना रेग्युलेटर घेतला, परवा रात्री मालवणला निघतोय. तिथे कुणी पटकन बघून देईल का? (पिंपरी)

महिनाभर भाव करत होतात असं तुम्हीच लिहिलंय, त्यातले दोन दिवस सर्व्हिससाठी विचारायला मिळाले नाहीत? तिथला माणूस बाहेरून बघून ‘ठीक वाटतोय’ म्हणेल आणि तुम्हाला तेवढंच ऐकायचं असेल. या खेपेला सेंटरचा रेग्युलेटर भाड्याने घ्या, तोही शेवटची सर्व्हिस कधी झाली ते विचारूनच. तुमचा परत आल्यावर तंत्रज्ञाकडे पाठवा. तो अहवाल हातात येईपर्यंत विकणाऱ्याचा नंबर डिलीट करू नका.