मारणाराही भाऊ, मेलेलाही भाऊ. सही कुठे करायची?

प्रश्न: (सोलापूर जिल्ह्यातून, नाव-गाव गाळले आहे) शेतीच्या वाटणीचा दावा माझ्या थोरल्या भावाच्या बाजूने लागला. त्याच भांडणात धाकट्यावर मारहाणीची केस झाली, आठ दिवस आत बसावं लागलं. 'याचा वचपा काढीन' असं तो गावभर म्हणत होता. २०२१ मध्ये एका रात्री त्याने थोरला, वहिनी आणि नऊ वर्षांचा भाचा, तिघांना कोयत्याने मारलं. भाची माझ्याकडे आली होती म्हणून वाचली, ती आता चौदा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात सेशन कोर्टाने हेतू सूड धरून धाकट्याला फाशी दिली. सोबत असलेल्या त्याच्या मेव्हण्याला मात्र सोडलं. भावकी म्हणते, 'आमची तक्रार नाही' असं बाँडवर लिहून द्या म्हणजे फाशी टळेल. आईकडून जमिनीचं हक्कसोडपत्रही मागतात. आई म्हणते, एक गेला, दुसरा तरी राहू दे. मला रात्री झोप नाही. तो सुटून गावात आला तर पोरीचं काय?

उत्तर: ताई, बाँडवर सही करू नका. खून आपसांत मिटवण्याचा गुन्हाच नाही. खटला शासनाने चालवला, शिक्षा कोर्टाने दिली, त्यात तुमच्या तक्रार असण्या-नसण्याने फाशी चढत नाही आणि उतरतही नाही. तो कागद उपयोगी पडेल तो दुसरीकडेच: उद्या तुम्ही मेव्हण्याविरुद्ध अपिलात गेलात, की त्याचा वकील तोच बाँड तुमच्यासमोर धरेल. भावकीला फाशीची चिंता किती आणि मेव्हण्याची किती, हे तुम्हीच ओळखा.

फाशीचा निर्णय तुमच्या माथ्यावर नाही, हे आईलाही सांगा. सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही (नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०७, जुन्या कायद्यातलं ३६६). भावाने अपील केलं नाही तरी सेशन जज कागदपत्रं आपणहून पाठवतात आणि दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पहिल्यापासून तपासतात. सोलापूरची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, म्हणजे मुंबईचे हेलपाटे वाचले. भावाच्या स्वतःच्या अपिलाला मुदत तीस दिवसांची आहे. ते तो तुरुंगातूनही करू शकतो आणि वकील विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो. त्याच्यासाठी तुम्ही पैसे उभे करायची गरज नाही. आईला करायचे असतील तर अडवूही नका.

आता सुडाचं. 'सुडाने मारलं म्हणजे फाशी ठरलेली' असा कायदा नाही. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून जन्मठेप हा नियम आणि फाशी हा विरळातला विरळ अपवाद आहे. १९८३ चं मच्छीसिंग प्रकरण कौटुंबिक वैराचंच होतं. पंजाबात एका रात्रीत पाच गावांत सतरा माणसं मारली गेली होती आणि सुप्रीम कोर्टाने तिघांची फाशी कायम केली. मारण्याची रीत, हेतू, बळी किती, त्यात असहाय मूल होतं का, हे बघायची पद्धत तिथून रुळली. तुमच्या प्रकरणात नऊ वर्षांचा मुलगा आहे, हे फार जड जाणार. उलट बाजूला खैरलांजी (भंडारा जिल्ह्यात २००६ मध्ये दलित भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या). हत्या सुडातून झाल्या असं म्हणत नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये सहा जणांची फाशी पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. जातीचा मुद्दा बाजूला सारल्याबद्दल त्या निकालावर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते.

२०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालानंतर आरोपीचं पूर्वायुष्य, तुरुंगातली वागणूक, मानसिक स्थिती यांचे अहवाल मागवणं अपेक्षित आहे. त्यासाठी आईकडे किंवा तुमच्याकडे कुणी माहिती विचारायला आलं, तर खरं ते सांगा. धाकटा लहानपणी कसा होता हे सांगणं म्हणजे थोरल्याशी दगा नव्हे.

तुमची खरी भीती वेगळी आहे. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे गावातलं गणित चुकीचं आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षांनंतर सूट मिळण्याचा फक्त विचार होऊ शकतो. शिवाय फाशी रद्द करताना हायकोर्ट पंचवीस-तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सुटकाच नाही अशी शिक्षा देऊ शकतं. हा अधिकार हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टालाच आहे, हे २०१५ मध्ये घटनापीठाने श्रीहरन प्रकरणात स्पष्ट केलं. सरकारी वकिलांना भेटून सांगा, फाशी टळलीच तर पोरीच्या सुरक्षिततेसाठी अशी शिक्षा मागावी.

मेव्हण्याच्या बाबतीत मात्र तुमची सही लागते. सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडिताला आहे (जुनं कलम ३७२, नवं ४१३) आणि कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात ठरवलं. मुदतीचा वाद घालत बसू नका, निकालापासून साठ दिवसांच्या आत दाखल करा. त्याला का सोडलं ते निकालात वाचा. साक्षीदार फिरला असेल, तर अपील किती टिकेल हे वकिलाला स्पष्ट विचारा.

आणि जमीन. हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ म्हणतं, खुनी माणूस ज्याचा खून केला त्याचा वारस होत नाही. म्हणजे थोरल्याच्या हिश्शात धाकट्याला काही नाही. वारस भाची आणि आई. (तिघांत आधी कोण गेलं यावर हिश्शांचा आकडा थोडा हलतो.) पण इथे एक खाच आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आईला मिळालेला वाटा आईच्या पश्चात तिच्या मुलांकडे जातो आणि त्यात धाकटाही येतो. त्याने आईचा खून केलेला नाही. खून वारसा मिळवण्यासाठी केला असता तर कलम २५ इथेही आडवं आलं असतं, पण कोर्टाने हेतू सूड धरला आहे. त्यामुळे आईची तयारी असेल तर तिने आपल्या वाट्याचं मृत्युपत्र भाचीच्या नावे करून नोंदवावं. हक्कसोडपत्र अजिबात नको. पोरीचा हिस्सा तर आजीलाही कोर्टाच्या परवानगीवाचून सोडता येत नाही. तुम्ही जिल्हा न्यायालयात तिच्या पालकत्वाचा अर्ज करा, तलाठ्याकडे वारसनोंद घाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित भरपाई मागा.

वकिलाकडे जाताना निकालाची नक्कल, सातबारा, वाटणीच्या दाव्याचा हुकूमनामा आणि तिघांचे मृत्यूचे दाखले घ्या. आईला बरोबर न्या. पोरीला नको, तिची शाळा बुडवू नका.