गाइडेड शार्पनर आणि घरची सुरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कोन पक्का धरून ठेवणारे गाइडेड शार्पनर आता बऱ्याच घरांत दिसतात. रचना साधी आहे. सुरी पाठीकडून क्लॅम्पमध्ये बसते, दगड एका दांड्यावर पुढेमागे सरकतो आणि दांड्याची उंची एकदा ठरवली की दगड दर वेळी त्याच कोनात धारेला लागतो. यंत्र उपयोगाचे आहे. पण इंदूरच्या वाचकांकडून येणारा गोंधळ पुन्हा पुन्हा तोच असतो, आणि त्यातला बराचसा विक्रीच्या व्हिडिओंनी पसरवलेला आहे. म्हणून सगळी उत्तरे एकत्र देतो.

यंत्राबरोबरच्या कागदावर ३० अंश लिहिले आहे, दुकानदार १५ म्हणतो आणि मुलगा २०. कुणाचे ऐकू? (सुदामा नगर)

मुलाचे. कागदावरचे ३० हे दोन्ही बाजू मिळून आहेत आणि दुकानदाराचे १५ एका बाजूचे, म्हणजे ते दोघे एकच गोष्ट सांगत आहेत. १५ अंशांची धार कडक पोलादाच्या सुऱ्यांना झेपते. रॉकवेल मापावर ६० च्या आसपास कडकपणा असलेल्या जपानी सुऱ्या त्यातल्या. आपल्या ओट्यावरची साधी स्टेनलेस सुरी यापेक्षा बरीच मऊ असते. तिला १५ अंशांत घासले तर धार पहिल्या दिवशी छान लागते आणि गराडूचे दोन कंद चिरताच कड एका बाजूला लोळते. रोजच्या सुरीला एका बाजूने १८ ते २० अंश ठेवा. गराडू, सुरण, लाल भोपळा यांसाठी वेगळी जाड सुरी असेल तर २२ अंशही चालतील.

कोन मोजायला डिजिटल कोनमापक घ्या. आधी तो क्लॅम्पच्या सपाट भागावर ठेवून शून्य करा, मग दगडावर ठेवून आकडा वाचा. दगड बदलला की पुन्हा मोजा, कारण संचातले सगळे दगड सारख्या जाडीचे नसतात. दांड्याच्या आधारापासून धार २० सें.मी. अंतरावर असेल, तर १ मि.मी. जाडीच्या फरकाने कोन साधारण ०.३ अंशाने हलतो. जाड दगड आला की कोन कमी होतो. मग तो दगड धारेच्या वरच्या खांद्यालाच, म्हणजे धारेचा उतार पात्याला मिळतो तिथेच, घासत राहतो, कडेपर्यंत पोहोचत नाही. ‘बारीक दगडाने धार उलट गेली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

एकाच बाजूने उतार असलेली जपानी सुरी असेल, तर ती या यंत्रात लावूच नका. तशा सुऱ्यांचे काम करणाऱ्या माणसाला दाखवा.

१०,००० ग्रिटचा दगड वेगळा विकत घ्यावा का? (पलासिया)

नको. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांची बारीकी, आकडा मोठा तितका दगड बारीक. स्वयंपाकघरातल्या सुरीला ४०० आणि १००० पुरतात. फार बोथट झाली असेल तर आधी २२० किंवा १२०.

आणखी एक गोष्ट. ग्रिटचा आकडा कोणत्या मानकाचा हे लिहिलेले नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. युरोपीय पी १००० च्या कणाचा सरासरी आकार साधारण १८ मायक्रॉन असतो आणि अमेरिकी १००० चा साधारण ९ मायक्रॉन. एकाच आकड्याखाली दुपटीचा फरक पडतो. स्वस्त संचांत तर पेटीवरचा आकडा आणि आतला दगड यांचा मेळही बसत नाही. ‘३०००’ छापलेला दगड नखावर हलका फिरवून पाहा. ओरखडे दिसले तर तो परत करा.

यंत्रावर लावलेली धार पहिल्या दिवशी कागद सरसर कापते, पण दोन-तीन दिवसांत सुरी टोमॅटोवरून घसरते. स्टील खराब आहे का? (राजेंद्र नगर, हाच प्रश्न विजय नगर आणि स्नेहलतागंजातूनही)

स्टीलला दोष देण्याआधी बर काढली होती का ते तपासा. सगळ्यात जास्त सुऱ्या इथेच फसतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

एका बाजूने घासत गेले की त्या बाजूचा उतार वाढत वाढत पलीकडच्या उताराला भेटतो. तिथे उरलेला धातू इतका पातळ होतो की तो कापला न जाता पलीकडे वळतो. यालाच कारागीर बर म्हणतात. बर आली म्हणजे तुम्ही खऱ्या कडेपर्यंत पोहोचलात. ती आली नाही तर दगड बदलणे व्यर्थ आहे. पण बर आली आणि तशीच राहिली, तर जी कापते आहे ती धार नसून ती पातळ पत्रीच असते. कागदावर ती सुरेख चालते. पाटावर चार वेळा टेकली की वाकते किंवा तुटते, आणि खाली उरते ती बोथट कड.

क्रम असा ठेवा. धारेच्या दोन्ही उतारांवर मार्कर फिरवा. ४०० च्या दगडाने एका बाजूने घासा. दोन-चार फेऱ्यांनंतर पाहा: शाई कडेपर्यंत पुसली गेली पाहिजे. फक्त वरच पुसली असेल तर कोन थोडा वाढवा. मग मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे बर येईपर्यंत ती बाजू सोडू नका. तपासताना अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर सरकवा. धारेच्या लांबीवर बोट कधीही फिरवू नका. पलीकडच्या बाजूला सगळीकडे बारीक खरखर लागली पाहिजे. बहुतेकांच्या हातून मुठीजवळचे दीड-दोन सें.मी. आणि टोक सुटते. मग सुरी उलटा आणि बर या बाजूला येईपर्यंत दुसरी बाजू घासा. व्हिडिओत ‘प्रत्येक बाजूने २० फेऱ्या’ सांगतात त्याला आधार नाही. एका सुरीला १५ फेऱ्या पुरतात, दुसरीला २०० लागतात. कारखान्यातून २५ अंशांची धार घेऊन आलेली सुरी पहिल्यांदा १८ वर आणायला पाऊण-एक तास सहज जातो. पुढच्या वेळी तेच काम दहा मिनिटांत होते.

१००० च्या दगडावर दोन्ही बाजू पुन्हा तशाच करा. मग बर काढायची. आता एक फेरी या बाजूने, एक त्या बाजूने, दगड नेहमी धारेकडून पाठीकडे येईल अशा दिशेने, आणि हाताचा दाब जवळजवळ शून्य. दाबाचा अंदाज येत नसेल तर दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाबून पाहा. सुरुवातीच्या घासण्यात ५०० ग्रॅमच्या आसपास ठीक आहे, इथे १०० ग्रॅमच्या वर जाऊ नका. अशा आठ-दहा आलटून-पालटून फेऱ्या झाल्यावर कोन एका अंशाने वाढवून प्रत्येक बाजूला दोन अगदी हलक्या फेऱ्या द्या. मऊ स्टेनलेसची बर चिवट असते. ती तुटत नाही, या बाजूची त्या बाजूला लोळत राहते. या वाढीव कोनाच्या फेऱ्या तिच्यासाठीच असतात. शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवी पॉलिश लावून पाच-सहा वेळा ओढा. इथे सुरी पाठीच्या दिशेने ओढायची, धार पुढे करून ढकलायची नाही.

बर खरोखर गेली का याची परीक्षा कागदाने होत नाही. कापसाचा बोळा धारेवरून हळू ओढा. धागे अडकले तर बर आहे किंवा खाच आहे. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरा. चांगली कड प्रकाश परत फेकत नाही. चमकती रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे काम बाकी आहे. मग मऊ लाकडाच्या तुकड्यात धार दोन-तीनदा हलकी ओढा आणि नंतर पिकलेला टोमॅटो दाब न देता चिरून पाहा. लाकडाआधी चालत होती आणि नंतर अडली, तर ती बरच होती.

हे सगळे दोनदा नीट करूनही धार आठवडाभर टिकत नसेल तर स्टीलवर संशय घ्या. तेव्हा नवे दगड मागवू नका, सुरी जाणकाराच्या हातात द्या. आणि त्याआधी पाट कोणता वापरता ते पाहा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, काचेच्या पाटावर किंवा स्टीलच्या ताटात चिरत असाल, तर कोणतीही धार टिकणार नाही.

टोकाजवळचा उतार रुंद झाला आहे, बाकी धार एकसारखी आहे. (लोकमान्य नगर)

क्लॅम्प मुठीच्या फार जवळ बसला आहे. सरळ धारेवर कोन बदलत नाही, पण धार टोकाकडे वळते तिथे बदलतो. टोक क्लॅम्पपासून जितके बाजूला, तितका तिथला कोन कमी आणि उतार रुंद. क्लॅम्प टोकाकडे सरकवा आणि मार्करने पुन्हा पाहा. फार सरकवलात तर उलट होईल, टोकाचा उतार अरुंद दिसेल. जागा सापडली की पाठीवर चिकटपट्टीची खूण करून तिचे माप लिहून ठेवा. दगडाची अर्ध्याहून जास्त रुंदी टोकाबाहेर जाऊ देऊ नका, टोक गोल होते.

विळी आणि ब्रेडची दातेरी सुरी यावर होईल का? (रामबाग)

दोन्ही नाही. विळी लोहाराकडे किंवा भरवशाच्या धारवाल्याकडे न्या.

सायकलवर येणारा धारवाला चांगला की यंत्र? सासूबाई म्हणतात, ठिणग्या उडाल्याशिवाय धार लागत नाही. (अन्नपूर्णा रोड)

ठिणगी म्हणजे तापलेला धातू, आणि तो तुमच्याच सुरीचा असतो. सुरीचे पोलाद कडक करून नंतर ठरावीक तापमानाला शेकलेले असते. त्या तापमानापेक्षा कड जास्त तापली की तिचा कडकपणा उतरतो. पाते हाताला गार लागत असतानाही केसाएवढी कड तापू शकते, कारण तिथे उष्णता पसरायला धातूच नसतो. निळी झाक दिसली तर नुकसान नक्की झाले आहे, आणि झाक पुसली तरी मऊपणा आत राहतो. तेवढा भाग थंड दगडावर घासून काढावा लागतो.

यात धारवाल्यांची सरसकट निंदा नाही. चाक सावकाश फिरवणारे, पाणी सोडणारे आणि पाते एका जागी न थांबवणारे कारागीर आहेत, त्यांच्याकडे सुरी जरूर द्या. देण्याआधी पाणी वापरतात का, एवढे विचारा.

ऑनलाइन ९०० रुपयांचा आणि ९,००० चा, दोन्ही दिसायला सारखे आहेत. फरक कुठे असतो? (विजय नगर)

दांडा आणि त्याच्या आधाराचा सांधा यांत. दांडा हलवून पाहा. सांध्यात खेळ असेल तर कोन दर फेरीला बदलणार आणि यंत्र घेण्याचा हेतूच संपला. दुसरे, क्लॅम्पचे जबडे पात्याला मधोमध धरतात का. तिरके धरले तर एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला २१ अंश मिळतील. तिसरे, क्लॅम्प सुरीसकट उलटतो की सुरी काढून पुन्हा बसवावी लागते. पुन्हा बसवावी लागत असेल तर दर वेळी तेवढीच खोल बसली पाहिजे.

‘बारा दगड मोफत’, ‘जर्मन तंत्रज्ञान’, पेटीवर दमास्कसची नक्षी, या कशालाही पैसे मोजू नका. दोन चांगल्या डायमंड पट्ट्या बारा भुसभुशीत दगडांपेक्षा बऱ्या. साधे दगड घेतलेत तर ते मधोमध झिजतात. हार्डवेअरच्या दुकानातून, सियागंजात वगैरे, कार्बोरंडमची भरड पूड आणा, जाड काचेवर पाण्याबरोबर पसरा आणि दगड त्यावर सपाट करून घ्या. काच घट्ट आधारावर ठेवा. डायमंड पट्टीला हे लागत नाही. तिला पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब पुरतो आणि दाब मात्र कमी हवा. खरेदीआधी कुणाकडचे यंत्र वापरून पाहता आले तर तेच करा.

घासल्यावरची धातूची पूड पोटात गेली तर? (एक आजी, पलासिया)

आजी, सुरी साबणाने धुवा, पाठीकडून धारेकडे ओल्या फडक्याने पुसा, मग कोरडी करा. तरीही पोटाचा काही त्रास वाटला तर तो डॉक्टरांना सांगा, त्याचा संबंध सुरीशी स्वतःच जोडू नका.

घरात लहान मुले आहेत, म्हणून सुऱ्या मुद्दाम बोथट ठेवल्या आहेत. बरोबर ना? (सुदामा नगर)

चूक. बोथट सुरी दाबावी लागते, दाबली की घसरते, आणि घसरली की जोर सगळा बोटावर येतो. धार ठेवा आणि सुऱ्या मुलांच्या हाताबाहेर, बंद जागी ठेवा.

कापले तर जखमेत हळद किंवा कॉफीची पूड भरू नका. वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने सलग १० ते १५ मिनिटे दाबून धरा. त्यानंतरही रक्त थांबले नाही, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर लगेच डॉक्टरकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तेच ठरवतील.

लोणच्याच्या कैऱ्या फोडताना सुरीला खाच पडली. वर्ष झाले, तशीच वापरतो आहे. आता दुरुस्त होईल का? (राजवाड्याजवळून)

कैरीची कोय सुरीने फोडायची नसते, त्यासाठी अडकित्ता आहे. खाच अर्ध्या मि.मी.पर्यंत असेल तर १२० च्या डायमंड पट्टीवर घरी निघेल. पूर्ण धार एकसारखी मागे घ्यावी लागते. फक्त खाचेपाशी घासले तर तिथे खळगा पडतो आणि सुरी पाटावर पूर्ण टेकत नाही. खाच १ मि.मी.च्या वर असेल, किंवा तिच्या टोकापासून पात्यात बारीक तडा गेलेला दिसत असेल, तर यंत्रावर चढवू नका. वर्षभर तुम्ही ती तशीच वापरलीत, त्यात तडा वाढलेला असू शकतो. सुरी धुऊन उजेडात भिंगाने पाहा, आणि तडा असेल तर आजपासूनच वापर बंद करून ती कारागिराला दाखवा.